रागिणीच्या मापाचा हलवा

जुने शहर, अकोला
२१ नोव्हेंबर २०२३

चि. आरतीले आत्याचा आशीर्वाद.

पोरी, तुहं पत्र काल भेटलं. आपलं पत्राचंच बरं हाये. फोन लावला का तुहा बाप थो स्पीकरवर टाकते, अन् मंग दुकानात झेंडू घ्याले आलेल्या गिऱ्हाइकालेबी माही खुशाली समजते. अन् तुह्या काकाजीनं लग्नात दागिना म्हणून मले शंभर आंतरदेशीय पत्रं देल्ले, थे संपवा लागतीन ना. पोस्टातून रिटायर झालेला माणूस दुसरं काय देणार!

आता तुह्या मुद्द्यावर येते. "आत्या, यंदा तुझी पहिली संक्रांत, तुला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवते," असं तू लिवलं. पोट्टे, तुहं डोकं ठिकाणावर हाये ना? एकसष्ट वर्साची मी. जून महिन्यात लग्न झालं थेबी सरकारी हापिसात, दोन हार अन् सात चहा. आता संक्रांतीचं कायं लुगडं नेसून, बिंदी-बाजूबंद लावून बसली तं लोक तिकीट काढून पायाले येतीन. परवाच शेजारच्या पार्बताबाईनं इचारलं, "माणिकबाई, तुमाले हळदीकुंकवाले बलवावं का नाई? म्हाताऱ्या नवरीचा काई नियम असते काय?" हासत हासत इचारलं, पण इचारलं. मीबी हासली. मंग घरात येऊन उगीचच चार कांदे कापले.

चाळीस वर्स मी अमरावतीत बसून दुसऱ्यायच्या सुनायले हलव्यानं नटवलं. थेच बरं होतं. हा विषय बंद.

बाकी आनंद हाये. हे माणूस लय भलं हाये वं, फक्त चहाची वेळ पाच मिनिटानं चुकली का घड्याळाकडे पायते.

तुही आत्या

*

अमरावती
२७ नोव्हेंबर २०२३

ती. महादेवकाकाजींना सा. न.

काकाजी, हे पत्र मुद्दाम तुमच्या नावाने टाकतेय. पोस्टमन तुमचा जुना सोबती आहे, तो तुमच्याच हातात देईल असा भरवसा आहे. वाचून झालं की फाडून टाका.

आत्या "विषय बंद" म्हणाली. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं, त्यामुळे मला एक पक्कं माहीत आहे: तिला एखादी गोष्ट मनापासून हवी असली की ती विषय बंद करते. लहानपणी मी तिच्या परातीजवळ बसायचे. एकदा तिने केलेली हलव्याची बांगडी पाहून मी म्हटलं, "आत्या, घालून बघ ना, बसते का." तिने ती लाटण्यावर चढवून बघितली. म्हणाली, "नवरीच्या आधी आपण घालू नये बाप्पा." शंभरेक नवऱ्या मुली सजवल्या असतील तिने, पण प्रत्येक बांगडीचं माप लाटण्यावर. मला ते लाटणं अजून डोळ्यापुढे दिसतं आणि राग येतो.

म्हणून मी एक बनवाबनवी ठरवली आहे. माझ्या एका मैत्रिणीची, समजा रागिणीची, पहिली संक्रांत आहे असं मी आत्याला लिहिणार. दुसऱ्याच्या पोरीसाठी म्हटलं की ती परात घेऊन बसणारच. दागिने तीच करेल, पण तिच्याच मापाचे! संक्रांतीला मी अकोल्याला येते, मग बघू कशी नाही म्हणते. एकदा अंगावर घालायचे दागिने तयार असले की ती मोडणार नाही. तिला स्वतःचं काम मोडवत नाही.

तुम्ही फक्त माप पाठवा. गळा, दंड, मनगट. तिला अजिबात पत्ता लागता कामा नये हं.

आपली,
आरती

*

अकोला
दि. १ डिसेंबर २०२३

चि. आरती हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

आपले दि. २७ चे पत्र पावले. मजकूर ध्यानात घेऊन पत्र नष्ट केले.

सोबत सुतळी नग एक जोडली आहे. पहिली गाठ मनगट, दुसरी दंड, तिसरी गळा. सौ. दुपारी मालिका पाहता पाहता झोपतात, त्या अवधीत मोजमाप पार पाडले. कंबरपट्ट्यासाठी कंबर मोजण्याचाही प्रयत्न केला. परंतु सौ. नी झोपेतच "म्हैस हाकला" असे उद्गार काढल्याने माघार घेतली. कंबरपट्टा वगळावा ही विनंती.

गोपनीयतेची पूर्ण काळजी घेतली आहे. पाकिटास लाख लावून ते रजिस्टर, पोचपावतीसह पाठवीत आहे. अडतीस वर्षांच्या नोकरीत माझे एकही पाकीट गहाळ झालेले नाही.

एक खाजगी बाब लिहितो. जून महिन्यात त्या कार्यालयात हार घालतेवेळी फोटो काढला तेव्हा सौ. नी पदर पार पुढे ओढून घेतला होता. त्यामुळे आमच्या लग्नाच्या एकमेव फोटोत त्यांचे तोंड दिसत नाही. मी तो फोटो भिंतीवर लावला आहे. पाहणारे विचारतात, ह्या कोण? आपल्या योजनेतून एखादा तोंडासह फोटो निघाल्यास मी आभारी राहीन.

कळावे.
महादेवराव

*

अमरावती
६ डिसेंबर २०२३

प्रिय आत्या,

विषय बंद केलास, बरं झालं. मलाही नंतर वाटलं की जरा जास्तच झालं. आता दोन कामं आहेत आणि दोन्ही तुझ्याशिवाय होणार नाहीत.

पहिलं काम विद्यापीठातलं. आमचे सर बाहेरून मराठीत आलेल्या शब्दांची टिपणं करून घेत आहेत. प्रत्येकाला एक शब्द. मला काय आला असेल? हलवा! सर म्हणाले, हा मूळचा अरबी शब्द. तिकडे त्याचा अर्थ नुसता गोड पदार्थ, मिठाई. अरबीतून फारसीत गेला, मग उर्दू-हिंदीत, आणि आपल्याकडे येऊन संक्रांतीच्या परातीत बसला. आता तू मला सांग, तू हलवा कसा करतेस, काटा कसा येतो, तुझ्या आईने तुला काय शिकवलं होतं. सगळं लिही. टिपणात तुझं नाव घालणार आहे.

दुसरं काम माझ्या मैत्रिणीचं. रागिणी म्हणून आहे. मे महिन्यात लग्न झालं, पहिलीच संक्रांत. सासरी करणारं कोणी नाही बिचारीला. विकतचे दागिने घेतले तर त्यांना काटाच नसतो, नुसते साबुदाण्यासारखे गुळगुळीत दाणे. करशील? माप सोबतच्या कागदावर सेंटिमीटरमध्ये लिहिलं आहे. कंबरपट्टा नको म्हणाली.

तुझी,
आरती

*

जुने शहर, अकोला
१३ डिसेंबर २०२३

चि. आरतीस आशीर्वाद.

पोरीची पयली संक्रांत अन् करणारं कोणी नाई, म्हणजे काय? मी काय मेली काय! कालपासून परात मांडली. हे बिचारे स्वतः जाऊन बाजारातून पॉलिश न केलेले तीळ घेऊन आले. एवढ्या हौसेनं गेले का मलेच नवल वाटलं.

आता तुह्या सरची गोष्ट. हलवा अरबस्तानातला? काईतरीच! माही माय सांगे, परात सारखी हलवत राहा लागते म्हणून हलवा. तुह्या सरले म्हणा, दोन मिनिटं हात थांबवून पाय, हलव्याची चिक्की होते. पण मंग ह्यायनं जाऊन आपल्या दोस्ताले इचारलं, बशीर मास्तरले. थे उर्दू शाळेत होते, भाऊ तिकडे कुवैतले राहून आला. मास्तर म्हणे, तुह्या सरचंच बरोबर हाये. म्हणे तिकडे दुकानावर पाटीच असते हलव्याची, अन् आत सगळ्या मिठाया. अन् त्याच मुळातून गोड पोरीले, छान दिसणाऱ्या बाईले हाक मारतात, "या हिल्वा!"

झालं! एवढं आयकून हे घरी आले, अन् फाटकातूनच वरडले, "या हिल्वा, पाणी देता काय?" पूर्ण गल्लीनं आयकलं. पार्बताबाई गच्चीवर वाळवण सोडून पायत होती. मी तोंडाले पदर लावून आत पळाली. पासष्ट वर्साचं माणूस, लाज नाई. आता रोज सकाळी तेच. काल तं पोस्टमनसमोर म्हटलं.

लिवून घे तुह्या वहीत. तीळ मंद आचेवर परातीत, पाक अर्धा चमचा, जास्त नाई. बोटाच्या शेंड्यानं फिरवत राहाचं. हात लावला का चटका, काढला का गाठ. थंडी कोरडी पायजे. तीन दिवस काईच दिसत नाई, नुसते पांढरे तीळ. चवथ्या दिवशी काटा फुटते. तवा असा आनंद होते का इचारू नको. मंग दोऱ्यात ओवाचे. फुलं ओवून माहे बोटं आधीच तयार होते, म्हणून मले जमलं.

तुह्या रागिणीचं माप पायलं. मनगट चांगलं जाडजूड हाये वं! हाडापेरानं मजबूत दिसते पोरगी. शेतात काम केलेली हाये काय? मले असे हात आवडतात. हलव्याची बांगडी अशा हाताले शोभते, काडीले नाई. तिले सांग, माह्याकडून तिले आशीर्वाद. नशीब काढलं तिनं.

तुही आत्या

*

अमरावती
२१ डिसेंबर २०२३

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. "काढला का गाठ" ला ते खुर्चीतून उठले. "या हिल्वा" ला त्यांनी चष्मा पुसला. मी एवढी हसत होते की पुढचं त्यांनाच वाचावं लागलं.

तुला एक गंमत सांगते. तिकडे अरब देशांत तिळाचाही हलवा असतो. तीळ वाटून त्यात साखर. म्हणजे शब्द एवढे देश फिरला, कुठे रव्याचा झाला, कुठे गाजराचा, कोकणात तर एका माशालाच हलवा म्हणतात, आणि आपल्याकडे येऊन पुन्हा तिळाशीच त्याची गाठ पडली. सर म्हणतात, हा योगायोग असेल. मला तो योगायोग फार आवडला.

रागिणी विचारत होती, किती झालं? ती फार आनंदात आहे. म्हणते, माझ्यासाठी एवढं कोणी कधी केलं नाही.

तुझी,
आरती

*

जुने शहर, अकोला
४ जानेवारी २०२४

आरती,

आशीर्वाद नंतर. आधी उत्तर पायजे.

संक्रांतीची झाडझूड काढली. ह्यायच्या टेबलावर फायली हायेत. लाइट बिलाची एक, पेन्शनची एक. तिसरीवर लिवलं होतं "पोचपावत्या". सगळ्या जुन्या, पिवळ्या. अन् सगळ्यात वर एक कोरी करकरीत. पाठवणार महादेवराव. घेणार आरती. खाली तुही सही, चार डिसेंबर.

ह्यायनं तुले रजिस्टर करून काय लिवलं?

रजिस्टर कोण करते आरती? कोर्टवाले करतात. माह्यावर काय तक्रार हाये? भाकर जाड होते म्हणून? घोरते म्हणून? चहा उशिरा देते म्हणून? मले तोंडानं सांगाचं होतं. तोंडावर हिल्वा-हिल्वा म्हणाचं अन् मागून माह्या माहेरी कागद धाडाचा! अन् तू? महिना झाला, तुले सगळं माहीत, अन् तू मले माशाच्या गोष्टी सांगून राहिली!

मी त्यायले काईच इचारलं नाई. दोन दिवस बोललीबी नाई. थे बिचारे, बिचारे कायचे, थे दोन दिवस घड्याळाकडे न पायता चहा पिऊन राहिले, म्हणजे नक्कीच मनात काईतरी हाये.

मले साठ वर्स कोणाच्या घराची सवय नव्हती. आता सहा महिन्यात झाली. या घराच्या फाटकाचा आवाज मले वळखू येते. तू खरं सांग, मी येऊ काय वापस? माही पेटी माळ्यावर हाये, खाली काढाले एक माणूस लागते.

परात झाकून ठेवली. हार झाला, बांगड्या झाल्या, बाजूबंद अर्धा हाये. तिळाले हात लावाचं मन नाई. रागिणीले सांग, आत्याले माफ कर.

माणिकबाई

*

अमरावती
६ जानेवारी २०२४

माझी वेडी आत्या,

पेटीला हात लावशील तर बघ! तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग हसले.

रागिणी नाही. कधी नव्हतीच. मी खोटं बोलले. तुझ्याकडून तुझेच दागिने करवून घ्यायचे होते आणि सरळ सांगितलं असतं तर तू कांदे कापायला बसली असतीस. माप हवं होतं म्हणून मी काकाजींना लिहिलं. त्यांना म्हटलं, कोणाला पत्ता लागू देऊ नका. आता तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. चोरी करायला गेले आणि पोचपावती घेऊन आले! वरून ती फाइलला लावली!

त्यांचं ते रजिस्टर पाकीट सोबत पाठवतेय, जसंच्या तसं. सुतळीसकट. माझ्याविषयी राग असेल तो असू दे, पण त्यांचं पत्र शेवटपर्यंत वाच. शेवटचा परिच्छेद दोनदा वाच.

ज्या मनगटाचं तू एवढं कौतुक केलंस ना, हाडापेराने मजबूत, नशीब काढलं म्हणून, ते कोणाचं आहे ते सुतळीची पहिली गाठ लावून बघ.

तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा कधी विचारणार नाही. पण नाही म्हणायच्या आधी एवढं कर.

तुझीच,
आरती

*

जुने शहर, अकोला
१० जानेवारी २०२४

चि. आरतीले आत्याचा भरपूर, भरपूर आशीर्वाद.

बदमाश पोट्टी!

तुहं पाकीट आलं तवा हे बशीर मास्तरकडे गेले होते. पत्र वाचलं. शेवटचं दोनदा वाच म्हटलं होतं, मी चारदा वाचलं. मंग भिंतीवरचा थो फोटो पायला. खरंच वं, निस्ता पदर दिसते. मले कधी ध्यानातच आलं नाई. आपलं तोंड लोकायले दिसू नये एवढंच तवा मनात होतं. त्यायले काय वाटलं असन, हे मी पायलंच नाई.

सुतळी मनगटाले लावली. गाठीले गाठ.

मंग डब्यातून एक बांगडी काढली, कापसातली. अन् सवयीनं लाटणं हातात घेतलं. खरं सांगते, बांगडी लाटण्यावर अर्धी चढलीबी. तवा मलेच माहा राग आला. लाटणं ठेवलं पाटावर. दार लावलं. डोये मिटले, अन् हात घातला.

आरती, बसली वं. ना ढिली, ना घट्ट. एक काटा मोडला नाई.

मी तिथंच फतकल मारून बसली अन् रडली, अन् रडता रडता हासूच यावं. तेवढ्यात हे आले. दारावर टकटक. इतक्या दिवसाच्या अबोल्यानं घाबरलेले, हळूच म्हणतात, "या हिल्वा, चहा मी टाकू काय?" मी दार उघडलं अन् हात पुढं केला. थे पायत राहिले. मंग एवढंच म्हणाले, "पोचलं म्हणायचं." मी म्हटलं, "पोचलं. आता सांगा, म्हैस कोण?" तं पासष्ट वर्साचं माणूस अंगणात पळालं.

बाजूबंद काल पूर्ण झाला. आता ह्यायचा हार करून राहिली, त्यायच्या हातातल्या नारळालेबी हलवा लावते. त्यायच्या गळ्याचं माप काल दुपारी त्याच सुतळीनं घेतलं, थे झोपले असतानी. चवथी गाठ मारली. झोपले कायचे, मिशीत हासत होते.

पार्बताबाईकडे मीच गेली. म्हटलं, "तुमी नियम इचारला होता ना? म्हाताऱ्या नवरीचा नियम असा हाये का पयलं वाण तिच्या हातानं घ्या लागते. सोमवारी पाच वाजता या." थे माह्याजवळ येऊन बसली. मंग म्हणे, "माणिकबाई, माहं लग्न झालं तवा कोणी हलवा केलाच नाई. एक बांगडी मलेबी घालून पायता येईन काय?" आता तिच्या दोन करून राहिली. बोटाचे शेंडे पार भाजले, पण थंडी भारी पडली हाये, काटा असा फुटते का पायत राहावं.

तुह्या वहीत माह्याकडून लिव. तुह्या सरले सांग, शब्द अरबस्तानातला असो नाईतर आभाळातला, काटा मले माह्या मायनं शिकवला. थेबी लिव. बशीर मास्तरलेबी सोमवारी बलावलं. थे म्हणाले, तिळाचा हलवा कुवैतले खाल्लेला भाऊबी संगं येणार, आपला पायाले.

तू रविवारीच ये. सकाळच्या गाडीनं ये. माहं कायं झंपर दंडाले घट्ट होते, बाजूबंद त्यावर नीट बसत नाई. तुह्याकडचं आखूड बाह्याचं आण, ढिलं पायजे. बापालेबी आण, दुकान एक दिवस बंद ठेव म्हणा, अन् झेंडू दोन टोपल्या.

अन् फोटो काढणारा चांगला पाय. मोबाइलवर नको, मोठ्या कॅमेऱ्याचा पायजे. त्याले सांगून ठेव, बाई पदर मागं घेऊन बसणार हाये.

तुही,
आत्या